परक्या पोटाचा कंपायलर

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता. सिंह गीरला असतात. गोष्टीत सिंह नसला की तुम्ही चुळबुळ करता हे मला ठाऊक आहे, पण हे जंगल सह्याद्रीतलं होतं आणि तिथला राजा गवा होता. गवाच का? तर तो सगळ्यांत जड होता. राजा निवडायची याहून बरी रीत तुम्हाला सापडली तर मोठेपणी मला येऊन सांगा.

या जंगलात कॉम्प्युटर होते. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये. तुमच्या घरी आहेत ना? मग जंगलात का नसावेत?

महाराजांच्या गुहेत एक मोठा कॉम्प्युटर होता. त्याच्यात ताकद होती, जागा होती, आणि उन्हाळ्यात सगळा दरबार त्याच्या पंख्यासमोर बसायचा. वर डोंगराच्या गवताळ उतारावर, झाडाझाडाला, चिकूएवढी, सात जातींची छोटी यंत्रं टांगलेली होती. ती धूर हुंगायची. हवेतल्या धुराचा आकडा एकोणीसवर गेला की घंटा वाजवायची. घंटा ऐकली की गवतात राहणारे जीव ओढ्याकडे पळायचे. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो, आणि वणवा कुणाला विचारून येत नाही.

सगळ्या यंत्रांवर त्यांना चालवणारं लिनक्स होतं. ते म्हणे एका पेंग्विनचं आहे. या जंगलात पेंग्विन कुणी पाहिला नव्हता, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर कुणी फार चौकशी केली नाही.

आता लिनक्स फुकट मिळतं, पण सुटं मिळतं. कुणीतरी ते निवडावं लागतं, पाखडावं लागतं, त्याची गाठोडी बांधावी लागतात. अशा गाठोड्यांच्या ढिगाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. या जंगलाचं स्वतःचं डिस्ट्रिब्युशन होतं, त्याचं नाव रानलिनक्स. त्याचा सगळ्यांना अभिमान होता. ते बांधतं कोण, हे मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं.

रानलिनक्सचा एक नियम होता. तो नीट ऐका, पुढे लागणार आहे. प्रत्येक गाठोड्याला एक पाटी असायची आणि पाटीवर ते सांभाळणाऱ्याचं नाव असायचं. काही बिघडलं तर पाटी वाचायची आणि तक्रारीचं पान त्या नावाकडे पोहोचवायचं. पाटीवरचं नाव पुसायचं असेल तर आधी दुसऱ्या कुणीतरी तिथे आपलं नाव घालायला हवं. नियम चांगला होता. बहुतेक नियम चांगलेच असतात, म्हणून तर ते बदलता येत नाहीत.

त्या ढिगातल्या सात गाठोड्यांच्या पाटीवर एकच नाव होतं. सोनाक्का साळिंदर.

ही सात गाठोडी होती क्रॉस कंपायलरची.

क्रॉस कंपायलर म्हणजे काय ते सांगतो. पण आधी साधा कंपायलर. प्रोग्राम लिहिला की तो कच्चा शिधा असतो. यंत्र कच्चं खात नाही, त्याला शिजवून द्यावं लागतं. शिजवणारा तो कंपायलर. गुहेतला कॉम्प्युटर आपलं आपण शिजवून खायचा. डोंगरावरच्या चिकूएवढ्या यंत्रात मात्र चूल मांडायला जागा नव्हती. आत कंपायलर घातला असता तर घंटा बाहेर काढावी लागली असती. म्हणून त्यांचं जेवण गुहेत शिजवायचं आणि वर नेऊन भरवायचं. एकाच्या चुलीवर दुसऱ्याच्या पोटाचं शिजवतो, त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात.

सोपं वाटलं ना? मला वाटलंच, तुम्हाला सोपं वाटेल.

धड कंपायलर बांधायला लायब्ररी लागते, म्हणजे सगळ्या शिध्यात पडणारा तयार मसाला. लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो. दही लावायला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे दहीच, तसा हा प्रकार. विरजण निदान शेजारी मागता येतं. सोनाक्काला या कामात शेजारी नव्हते. ती आधी एक लंगडा कंपायलर बांधायची, लायब्ररी शिजवण्यापुरता. त्याच्याकडून लायब्ररी करून घ्यायची. मग तिच्या आधाराने धड कंपायलर बांधायची आणि लंगड्याला निरोप द्यायची. सात जातींच्या यंत्रांसाठी हे सात वेळा. गुहेतल्या कंपायलरची नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून सात वेळा. नवी आवृत्ती साधारण तेव्हाच यायची, जेव्हा सातवं गाठोडं बांधून होत आलेलं असायचं.

आणखी एक भानगड होती. कंपायलर बांधायला बसलं की तो आधी प्रश्न विचारतो. ज्याच्यासाठी शिजवायचं, त्याच्याबद्दलचे. पोटात किती मावतं? एका घासाला किती घेतो? आकडे कुठल्या बाजूने वाचतो? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण डोंगरावरच्या यंत्रांना एक खोड होती. ती आकडे उलट्या बाजूने वाचायची. बारा दिले की एकवीस समजायची. खोड काही वाईट नव्हती, फक्त देणाऱ्याला ती माहीत हवी. यंत्रांना एकोणीस समजावेत असं वाटत असेल तर एक्क्याण्णव द्यावे लागायचे.

असे एकंदर एकशे चाळीस प्रश्न होते. त्यांची उत्तरं सोनाक्काने ऐनाच्या झाडाच्या सालीवर लिहून ठेवली होती. प्रत्येक उत्तरासाठी ती एकदा डोंगर चढून गेली होती. वर जाऊन यंत्राला काहीतरी द्यायचं, ते काय करतं बघायचं, खाली येऊन लिहायचं. असे एकशे चाळीस डोंगर त्या सालीवर होते.

गाठोडं बांधून झालं की ती पुन्हा वर जायची. यंत्राखाली मूठभर वाळकं गवत पेटवायची आणि घंटा वाजेपर्यंत हलायची नाही. घंटा वाजली की गवत विझवून घरी. साळिंदर हे रात्रीचं जनावर, पण हे काम ती भर दुपारी करायची, कारण दुपारी गवताला पटकन धूर धरतो. झोप मोडायची. तिची कुणाला पर्वा नव्हती, आणि तिलाही तसं काही वाटत नव्हतं.

तक्रारी यायच्या का? यायच्या. इतरांच्या तक्रारीची पानं दगडाखाली ठेवावी लागायची आणि वाऱ्याने उडायची. सोनाक्काची सोय होती. तिच्या पाठीवर काटे होते. तक्रार करणारा यायचा, पान एका काट्याला टोचायचा आणि जायचा. पाठीवर पान खडखडलेलं तिला आवडत नसे, म्हणून ती संध्याकाळच्या आत दुरुस्ती करून पान उतरवून टाकायची. त्यामुळे ते दरबारच्या वहीत चढायचंच नाही. मुलांनो, तिची चूक कुठली म्हणाल तर हीच.

वर गवतात ठकू नावाची लावी राहायची. लावी म्हणजे मुठीएवढा पक्षी. उडता येतं, पण पायांवर जास्त भरवसा. अंडी जमिनीवरच घालते, गवताच्या बुंध्यात. त्या वर्षी ठकूने अकरा अंडी घातली होती. तिच्या डोक्यावरच्या फांदीला एक यंत्र होतं आणि त्याच्या भरवशावर ती डोळे मिटून अंड्यांवर बसायची. सोनाक्का गवत पेटवायला आली की ठकू तिला ओढ्याकाठच्या बातम्या सांगायची. एवढीच काय ती दोघींची मैत्री.

अशात महाराजांनी यंत्रखात्यावर नवा प्रमुख नेमला. सर्जेराव वानर. सर्जेराव हुशार होते. ते या फांदीवरून त्या फांदीवर इतक्या झपाट्याने जायचे, की मागची फांदी मोडली हे त्यांना कधी कळायचं नाही.

आल्या आल्या त्यांनी वही मागवली आणि दरबारात वाचून दाखवली. गेल्या तीन वर्षांत पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रारी दोनशे. पेंग्विनचं चित्र लहान दिसतं म्हणून तक्रारी साठ. क्रॉस कंपायलरच्या सात गाठोड्यांबद्दल तक्रारी शून्य.

सर्जेरावांनी वही मिटली. ज्या गोष्टीबद्दल कुणी तक्रार करत नाही, ती गोष्ट कुणी वापरत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दरबाराला ते पटलं. महाराजांनी मान हलवली. महाराज फार जड होते, त्यामुळे एकदा हललेली मान परत फिरवायला वेळ लागायचा.

सात गाठोड्यांच्या जागी एकच गाठोडं करायचं ठरलं. सर्वसमावेशक कंपायलर. तो आपोआप बांधला जाणार होता. सालीवरची उत्तरं वगैरे जुनी पद्धत बंद. जो प्रश्न पडेल तो यंत्रालाच विचारायचा, यंत्रच उत्तर देईल.

सोनाक्का दाराशी बसली होती. तिने बोलायची परवानगी मागितली.

"यंतर उत्तर देतंय, न्हाई म्हणत न्हाई मी," ती म्हणाली. "पर कुठलं यंतर?"

"म्हणजे?" सर्जेराव म्हणाले.

"तुमी बसणार हितं गुहेत. हितल्या यंतराला इचारणार, आकडं कुठनं वाचतोस. ते आपलंच सांगणार की. वरच्याचं त्याला काय ठावं?"

दरबारात शांतता पसरली. ही शांतता कुणाला काही समजलं म्हणून नव्हती. सर्जेराव मायेने हसले. सोनाक्कांच्या अनुभवाबद्दल आपल्याला आदर आहे, असं ते म्हणाले. असं कुणी म्हणालं की मुलांनो, आपली पिशवी उचलावी आणि घरी जावं.

सोनाक्काकडून शिक्का काढून घेतला. गाठोड्यावर हा शिक्का असल्याशिवाय ते वर जात नसे. मग तिने सांगितलं की शिक्का घेतलात तर पाटीवरचं नावही पुसा. तेव्हा नियम वाचला गेला. नाव पुसायला दुसरं नाव हवं. सर्जेरावांनी दरबारभर नजर फिरवली. तरसाला अचानक खोकला आला. मुंगूस जमिनीत काहीतरी शोधू लागलं. सर्जेरावांनी स्वतःचं नाव घालावं असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा प्रमुखाने एका गाठोड्यात अडकणं बरं नाही, असं सर्जेराव म्हणाले. नव्या गाठोड्याच्या पाटीवरही सोनाक्काचंच नाव तात्पुरतं राहिलं.

नवा कंपायलर एका दुपारीत बांधून झाला. त्याने एकशे चाळीस प्रश्न विचारले आणि गुहेतल्या कॉम्प्युटरने एकशे चाळीस उत्तरं चटाचट दिली. सगळी स्वतःबद्दलची. आकडे कुठल्या बाजूने वाचतोस? सरळ. मग चाचणी झाली. ती गुहेतल्याच कॉम्प्युटरवर झाली, कारण बाहेर ऊन होतं. सर्जेरावांनी धुराचा आकडा एकोणीसवर नेला आणि घंटा खणखणीत वाजली. दरबाराने टाळ्या वाजवल्या. ऐनाची साल कुणीतरी पंख्याखाली टेकू म्हणून लावली, आणि नंतर झाडताना ती ओढ्यात गेली.

त्याच संध्याकाळी डोंगरावरच्या यंत्रांना नवं जेवण भरवलं गेलं. त्यात एकोणीस सरळ लिहिलेला होता. यंत्रांनी तो आपल्या सवयीने उलटा वाचला.

सोनाक्काला आता काही काम नव्हतं. तिला झोपता आलं असतं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मूठभर गवत घेऊन वर गेली.

गवत पेटलं. धूर झाला. ठकू शिंकली. घंटा वाजली नाही. सोनाक्काने आणखी दोन मुठी टाकल्या. ठकूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी घंटा वाजली नाही. सोनाक्काने गवत विझवलं आणि यंत्राकडे बघत राहिली. तिला कळलं काय झालं आहे ते. तिला फार भीती वाटली, आणि स्वतःसाठी नाही.

ती तक्रारखिडकीवर गेली. तिथे खार बसायची.

"कशाबद्दल?" खारीने विचारलं.

"डोंगरावरची घंटा वाजत न्हाई."

खारीने पान लिहिलं. मग नियमाप्रमाणे पाटी काढून वाचली. मग सोनाक्काकडे पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली.

"सोनाक्का साळिंदर म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय."

"मग वळा," खार म्हणाली, आणि तिने ते पान सोनाक्काच्या पाठीवरच्या काट्याला टोचलं.

सोनाक्काने सांगितलं की शिक्का तिच्याकडे नाही. शिक्क्याचं खारीला माहीत नव्हतं. तिचं काम पान योग्य ठिकाणी पोहोचवण्यापुरतं होतं, आणि पान पोहोचलं होतं. वहीत तशी नोंदही झाली.

सोनाक्का महाराजांकडे गेली. महाराजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते मनाने वाईट नव्हते.

"तक्रार लिहून दिलीस?" त्यांनी विचारलं.

"दिली, महाराज."

"ज्याची आहे त्याला मिळाली?"

सोनाक्काने पाठीकडे मान वळवली. "मिळाली," ती म्हणाली.

"मग तो बघेल," महाराज म्हणाले, आणि पंख्याकडे तोंड करून बसले.

मग ती वर ठकूकडे गेली आणि तिला सरळ सांगितलं की घंटेवर विसंबू नकोस, इथून हल. ठकूने पोटाखालची अंडी चोचीने सारखी केली. अंडी फुटायला अजून आठ-नऊ दिवस होते. अंडी पायांनी पळत नाहीत आणि लावीला ती उचलता येत नाहीत.

"मी कुटं जाऊ, आक्का?" ती म्हणाली.

सोनाक्काने शेजारचं गवत पायाने सपाट केलं. ती तिथेच बसली. दुसऱ्या दिवशीही येऊन बसली. आठ दिवस ती रोज सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या उतारावर बसून राहिली. वाऱ्याकडे नाक करून, पाठीवर स्वतःचीच तक्रार घेऊन. दिवसा जागायची साळिंदराला सवय नसते. मान पडायची, दचकून वर यायची. ठकू तिला जागं ठेवण्यासाठी ओढ्याकाठच्या त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा सांगायची. दरबारात कळलं की सोनाक्काच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. सर्जेरावांना वाईट वाटलं. ते म्हणाले, काहींना बदल झेपत नाही.

नवव्या दिवशी सकाळी अंडी फुटायला लागली. दुपारपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली होती. लावीची पिल्लं अंगावरचं ओलं सुकलं की धावायला लागतात, हा त्यांचा मोठा गुण. दोन अंडी राहिली होती. त्यातल्या एकाला तडा गेला होता.

तेवढ्यात पलीकडच्या पायवाटेवरून एक माणूस गेला आणि त्याने विडी टाकली. कोण होता ते माहीत नाही. तुमच्या-माझ्यातलाच कुणीतरी असेल.

वारा डोंगर चढत होता. आग त्याच्याबरोबर चढली. धुराचा आकडा एकोणीस झाला. घंटा गप्प. तीस झाला. गप्प. यंत्राचा दोष नव्हता, त्याला एक्क्याण्णवला वाजायला सांगितलं होतं आणि ते एक्क्याण्णवची वाट पाहत होतं.

साळिंदराला ओरडता येत नाही. पण चिडलं की ते पाठीवरचे काटे हलवतं आणि त्यांचा खुळखुळा वाजतो. सोनाक्काने आयुष्यात कधी तो वाजवला नव्हता, कारण ती चिडायचीच नाही. त्या दिवशी ती चिडली. आठ दिवसांची झोप, काढून घेतलेला शिक्का, ओढ्यात गेलेले एकशे चाळीस डोंगर आणि पाठीवरचं ते पान, सगळं तिने हलवलं. खुळखुळा उतारभर ऐकू गेला. ती खालपासून वरपर्यंत धावत सुटली. ससे निघाले, घोरपडी निघाल्या, मुंगसं निघाली.

ठकू निघाली नाही. तिच्या पोटाखाली ती दोन अंडी होती.

"ठके, ऊठ," सोनाक्का म्हणाली.

"तडा गेलाय, आक्का. आत चोच वाजतीय."

"नऊ जणं तुज्याकडं बघायल्यात. ऊठ."

ठकू उठली. नऊ पिल्लं तिच्यामागे रांगेत धावली आणि त्यांच्यामागे सोनाक्का. ठकूने एकदाही वळून पाहिलं नाही. वळली असती तर ती पुन्हा जाऊन बसली असती, हे तिला माहीत होतं.

सगळे ओढ्याच्या पाण्यात उभे होते, तेव्हा वरची घंटा वाजली. धुराचा आकडा एक्क्याण्णव झाला होता. काळ्या पडलेल्या डोंगरावर ती बराच वेळ, अगदी मंजूळ वाजत राहिली.

चौकशी झाली. चौकशीला घोरपड नेमली होती, कारण ती एकदा चिकटली की सुटत नाही. या वेळी ती पाटीला चिकटली.

घोरपडीने तीन गोष्टी सिद्ध केल्या. एक, घंटा वाजली. याला अख्खं जंगल साक्षीदार होतं. दोन, घंटा उशिरा वाजली, आणि त्या गाठोड्याच्या पाटीवर नाव सोनाक्का साळिंदर हिचं होतं. तीन, घंटा बिघडल्याची तक्रार नऊ दिवस आधीच सोनाक्काला मिळाली होती आणि तिने काहीही केलं नव्हतं. पुरावा तिच्या पाठीवरच होता. तक्रार कुणी केली होती, असं महाराजांनी विचारलं. घोरपडीने पान वाचलं. सोनाक्का साळिंदर. म्हणजे आरोपीला सगळं माहीत होतं, असा निष्कर्ष घोरपडीने काढला. तर्कात कुठे भोक नव्हतं.

घंटा वाजली यासाठी सर्जेराव वानर यांना 'वनरक्षक' हा किताब मिळाला. ती उशिरा वाजली यासाठी सोनाक्काला शिक्षा ठरली. जुनी सातही गाठोडी परत आणायची आणि जन्मभर तिनेच सांभाळायची. दरबारात कुजबूज झाली, शिक्षा फार कडक आहे म्हणून. तरसाने तर दयेचा अर्ज करू का, असं विचारलं.

"शिक्का द्या," सोनाक्का म्हणाली.

साल गेली होती. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. एकशे चाळीस प्रश्न घेऊन ती पुन्हा काळा डोंगर चढू लागली. या वेळी निम्मे डोंगर वाचले, कारण ठकू यंत्रापाशी बसायची आणि ते काय करतं ते खाली ओरडून सांगायची. कधी कधी सांगताना ठकू मधेच, अंडी होती त्या बुंध्याकडे बघत बसायची. मग सोनाक्काही थांबायची.

लंगडा कंपायलर झाला. लायब्ररी झाली. धड कंपायलर झाला. नवं जेवण वर गेलं. सोनाक्काने मूठभर गवत पेटवलं. एकोणीसला घंटा वाजली. नऊही पिल्लं रांग करून ओढ्याकडे पळाली, कुणाला सांगावं लागलं नाही. दरबारातल्या कुणीच हे पाहिलं नाही. वहीतही काही चढलं नाही.

मग ठकू सोनाक्काबरोबर तक्रारखिडकीवर आली आणि खारीला म्हणाली, त्या पाटीवर माझंही नाव लिही.

सोनाक्काने तिला अडवलं. "ठके, एकदा नाव लिवलं की जल्मभर लोकांच्या तक्रारी अंगावर. तुला कंपायलरमधलं काय कळतंय?"

"काय बी न्हाई," ठकू म्हणाली. "पर माज्या दोन अंड्यांची तक्रार मला कुणाकडं करता आली न्हाई, आक्का. उद्या दुसरी कुणी आली तर ऐकायला एक जण तरी पायजे."

खारीची पंचाईत झाली. लावीला काटे नसतात. तक्रारीचं पान टोचणार कुठे? बराच विचार करून तिने नियमाखाली एक ओळ घातली. ज्याला काटे नाहीत, त्याला तक्रार तोंडाने सांगावी. रानलिनक्सच्या इतिहासात तक्रार ऐकली जायची वेळ प्रथमच आली.

पाटीवर ठकूचं नाव चढलं. मग खारीला एकदम आठवलं, आणि ती खुशीत म्हणाली की आता दुसरं नाव आलं आहे, म्हणजे नियमाप्रमाणे सोनाक्कांचं नाव पुसता येईल. शिक्षा असली तरी नियम शिक्षेपेक्षा मोठा. पुसू का?

सोनाक्काने पाटीकडे बघितलं. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं. गाढ झोपेची एक दुपार तिच्या डोळ्यांसमोरून गेली.

"राहू दे," ती म्हणाली. "नवी आवृत्ती आलीया. सातवं गाठोडं अजून बांधायचं हाय."

तात्पर्य: मुलांनो, काम असं करावं की ते अधूनमधून मोडेल, नाहीतर ते कुणी वापरत नाही असा समज होतो. पाटीवर नाव घालायची वेळ आली तर पाटी सापडत नाही म्हणावं. आणि घातलेलं नाव पुसायची संधी आयुष्यात एकदा मिळालीच, तर ती सोडू नये. हे सगळं जे पाळतात ते पदावर असतात, जे पाळत नाहीत ते गोष्टीत असतात. तुम्ही कुठेही असा. पण गवतात घर करायचं झालं, तर आधी पाटी वाचून घ्या.